सुमनच्या ड्रमातली माशी

त्या सकाळी आम्ही दोघांनी किड्यांचा ड्रम भरला. माझी बायको सुमन ओटीवर खाटेला टेकून चिकू सोलत होती. एखादी फोड तिला जायची, बाकी सगळं किड्यांना. मी सालं ओतायला गेलो तर म्हणाली, "अहो, ढिगावर नको, कडेला. आणि झाकण घट्ट लावू नका. त्यांनापण जीव आहे." दुपारी ती गेली...

लोक म्हणतात असं बोलू नये, पण मला सुटल्यासारखं वाटलं. पोटात कळ आली की ती उशीचं टोक चावायची. सगळा पावसाळा तसा काढला. ते थांबलं, बरं झालं.

आशागडजवळ आमची चिकूच्या चार झाडांची वाडी. ड्रम तिनं कोंबड्यांसाठी मांडलेला. कुजक्या चिकूवर एक माशी येते, गांधीलमाशीसारखी, पण चावत नाही, ताटावर बसत नाही. तिचे किडे सालं फस्त करतात, कोंबड्या किडे. मला किळस यायची. "हा उकिरडा दारातून काढ," मी म्हणायचो. "आधी तुम्ही निघा, मग बघते," ती म्हणायची. एकदा कॉलेजची एक मुलगी चिकूवरची कीड बघायला आली. म्हणाली, "आजी, ही सैनिक माशी. पण नेहमीची काळी नाही, हिचं पोट हिरवट आहे. या जातीवर फारसं कुणी लिहिलेलं नाही." सुमन हसली. "माझ्यावर तरी कुणी लिहिलंय?" म्हणून लिहायला बसलो. चौथीपर्यंत शिकलोय, जमेल तसं.

अंथरुणाला खिळल्यावर तिनं एकदा विचारलं, "माझ्यामागं ड्रम फेकून द्याल ना?" मी म्हटलं, "बघू." पुढं त्यावर बोलणं झालं नाही...

तिला पोचवून आलो तर घरात माणसं दाटलेली. चूल बंद, शेजारणींनी पिठलंभात आणला. दुसऱ्या दिवशी उजाडताच बाहेर आलो, ड्रमाशी गेलो. वास नको म्हणून माझ्या बहिणीनं ड्रमाचं झाकण ठोकून वर दगड ठेवला होता. रात्रभर हवा नाही. झाकण काढलं. आत काही हलेना. चूल नाही म्हणजे सालंही नाहीत. झाडाखाली पडलेले फुटके चिकू टॉवेलात वेचले, कडेला सोडले, कान लावून बसलो. किडे खायला लागले की भात रटरटल्यासारखा आवाज येतो, असं सुमन सांगायची. मी कधी ऐकायला थांबलो नव्हतो. बराच वेळ काही नाही. मग कडेला वळवळ झाली आणि आवाज सुरू झाला, अगदी बारीक.

बहीण दारात आली. "दादा, हे काय आता? चल आत."

"तू जा," मी म्हटलं. "भात शिजतोय."