काशीला सोडलेले मटार

परवा मंडईत सीझनचे पहिले मटार दिसले. ह्यांनी दोन किलो घेतले, घरी येऊन पेपर पसरला आणि सोलायला बसले… आणि मला एकदम काशी आठवली.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि दोघंच असे आम्ही कुठे गेलोच नव्हतो. हे हायस्कूलात गणित शिकवायचे. नाताळच्या सुट्टीत छोट्या लेकीला सासूबाईंकडे ठेवलं आणि कराडहून थेट बनारस गाठलं!

निघताना सासूबाईंनी बजावलं, "काशीला काहीतरी सोडून यायचं हं. आणि आवडीचंच." खाण्यापिण्यातली एखादी आवडती गोष्ट तिथे कायमची सोडायची, अशी आमच्याकडची पद्धत. हे बोलताना त्यांची नजर होती माझ्या हातातल्या चहाच्या कपावर…

माझं धाबंच दणाणलं. चहा मला प्रिय होताच, पण खरं कारण वेगळं होतं. भरल्या घरात पहाटेचा चहा ही आमची दोघांची एकमेव वेळ. ह्यांना चहाचं काही नव्हतं, माझ्यासाठी अर्धा कप घ्यायचे. तेवढ्यात काय ते आमचं बोलणं व्हायचं.

बनारसमध्ये उतरलो ते ह्यांच्या लांबच्या काकूंकडे. कित्येक पिढ्या काशीत राहिलेलं मराठी घर, संकठा घाटाच्या वरच्या गल्लीत. पहिल्याच संध्याकाळी काकूंनी गरमागरम चूडा-मटर समोर ठेवलं. पोहे आणि कोवळे मटार, तुपातले, वर आलं-मिरची.

हे आधीच मटारांचे वेडे! तिसरी प्लेट घेताना जरा लाजले, तर काकू म्हणाल्या, "अरे घे ना, शरम कशाला? ठंडीत हे नाही खाल्लं तर बनारसला आलास कशाला?"

ह्यांनी जाहीर करून टाकलं, "काकू, मी कारलं सोडणार." काकू भडकल्याच. "वा रे वा! कारलं तुला आवडतं तरी का? गंगामैयाला फसवतोस?" मी हसले खरी, पण आता आवडीचंच सोडावं लागणार हे पक्कं झालं.

पुढचे दोन दिवस मी चहाला निरोपच देत होते म्हणा ना. शिंदे घाटावर मातीच्या कुल्हडमधला चहा, गल्लीत आल्याचा चहा, काकूंकडे दुधाळ चहा… दर वेळी वाटायचं, हा शेवटचा. बाकी मजा चालूच होती. धुक्यातून नावेत फिरलो, एका शालीत दोघं बसलो. कराडात असं बसलो असतो तर गावभर झालं असतं! ह्यांना मात्र मी चहाबद्दल एक अक्षर बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी घाटावर गेलो. पाणी असलं गार की पाय बधिर. काकूंच्या ओळखीच्या गुरुजींनी ह्यांच्या ओंजळीत पाणी दिलं आणि मला म्हणाले, "वहिनी, यजमानांच्या हाताला हात लावा. संकल्प दोघांचा एकच." मग ह्यांना विचारलं, "बोला, काय सोडता?"

हे क्षणभरही थांबले नाहीत. "मटार," म्हणाले. माझा हात ह्यांच्या हातालाच होता.

मी घाबरत विचारलं, "गुरुजी, मी काय सोडू?" गुरुजी हसले. "तुम्ही हात लावलात ना? मग झालं. त्याग ह्यांचा, पुण्य आधा-आधा." पायरीवर बसलेल्या काकू तिथूनच ओरडल्या, "बाप रे, मटर सोडलास? आज रात्री वाटलेल्या मटरचा निमोना करणार होते रे!"

परतताना ह्यांना विचारलं, "असं का केलंत?" तर म्हणाले, "तू कुल्हड दोन्ही हातांत धरून बसायचीस ना, तेव्हाच कळलं. चहा सुटला तर आपण बोलायचं कधी?" मला भर गल्लीत रडू आलं. समोरून गाय येत होती म्हणून बरं, बाजूला होण्याच्या गडबडीत डोळे पुसून घेतले.

घरी आल्यावर सासूबाईंना सांगितलं. "मटार? ह्यानं?" त्यांनी आधी लेकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे… आणि चहाचं आधण ठेवायला उठल्या.

परवा आमची नात सोललेला एक दाणा ह्यांच्या तोंडाशी घेऊन गेली. ह्यांनी तो हळूच तिच्याच तोंडात घातला. दोन किलो सोलले, पण एक दाणा तोंडात टाकला नाही. इतकी वर्षं असंच चाललंय.

मी उठून चहा टाकला, माझा पूर्ण कप आणि ह्यांचा अर्धा. पुण्याचं काय ते गंगामाईला माहीत… माझा रोजचा चहा मात्र ह्यांच्या मटारांवर चाललाय.