पत्राखालचं नाव

साखऱ्याचा संतराम माझ्याहून हुशार, असं सगळं गाव म्हणतं. मी म्हणत नाही. उर्दूच्या परीक्षेत आम्हाला बरोबरीचे मार्क होते. तो हैदराबादेला गेला आणि मी गावात मास्तर झालो, एवढाच फरक.

तिकडं त्याला निजामाच्या दरबारी खात्यात नोकरी लागली. इंग्रज साहेबांकडं जाणारे खलिते तो लिहायचा. सत्तेचाळीस साली तर त्याला दिल्लीच्या वकिलातीत पाठवलं. कडू निरोप गोड करून पोचवायचा, हे त्याचं काम. वर हा माणूस पुण्याच्या मासिकात मराठी गोष्टीही लिहायचा! माझ्या तीन गोष्टी त्याच मासिकानं साभार परत पाठवल्या होत्या.

त्याची आई मंजुळाबाई, आमची काकी, तिला अक्षरओळख नव्हती. तिची पत्रं मीच लिहायचो, त्याची मीच वाचून दाखवायचो. काकी सांगायची, "बरं हाय म्हनावं. एकदा येऊन जा म्हनावं." एवढ्यानं कागद भरत नाही, म्हणून मी पदरचं घालायचो. तांड्यावरच्या नानीबाईनं रुसलेल्या बैलाची समजूत कशी काढली, असलं काहीबाही. शेवटी रीतीप्रमाणं 'पत्र लिहिणार किसनराव याचा नमस्कार'.

एकेचाळीस साली त्याची पहिली गोष्ट छापून आली. वाचली आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नानीबाईचा बैल! माझी वाक्यं जशीच्या तशी, आणि नाव संतरामचं.

पुढच्याच पत्रात त्यानं विचारलं, रजा काढून येऊ का? गावानं लगेच वेशीवर कमान उभारायचं ठरवलं. ते मला बघवलं नसतं. काकी म्हणाली, "ये म्हनावं." मी लिहिलं, 'धावपळ करून येऊ नकोस, माझं काही अडत नाही.' मग सात वर्षं हेच. काकीला सांगायचं, संतरामला रजा मिळत नाही. गोष्टी मात्र पत्रात घालतच राहिलो. छापून आल्या की जळायचो, आणि छापून याव्यात म्हणून लिहायचो.

अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात निजामाचं राज्य गेलं, वकिलातही उठली. दिवाळीच्या तोंडावर संतराम ट्रंक घेऊन बैलगाडीतून घरी आला. ना कमान, ना हार. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? ट्रंकेतून त्यानं आपलं छापलेलं पुस्तक काढून काकीच्या हातात दिलं. काकीनं ते माझ्याकडं सरकवलं. "वाच की, किसना."

पहिल्याच पानावर होतं, 'जिच्या पत्रांनी मला लिहायला शिकवलं, त्या माझ्या आईस.'

"म्या काय शिकवलं, बाबा?" काकी हसली. "बरं हाय अन् ये, एवढंच तर सांगत व्हते."

"माय, ये तर तू एकदाबी म्हणली न्हाईस," संतराम म्हणाला. "येऊ नको म्हणलीस. पत्रं हायेत माझ्यापाशी."

सात वर्षं मी याच घडीची वाट पाहत होतो. त्या गोष्टी माझ्या आहेत, हे काकीसमोर, त्याच्या तोंडावर सांगायचं होतं. पण गोष्टी माझ्या म्हटलं, की 'येऊ नकोस'ही माझंच ठरत होतं. मी पुस्तक मिटून काकीच्या पुढ्यात ठेवलं.

संतरामनं गठ्ठा सोडून एक पत्र उघडलं.

"मंग कोनी लिवलं रे ते?" काकीनं विचारलं.

त्यानं शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि माझं नाव मोठ्यानं वाचलं.