बोलक्या बायकांची सरासरी

बडबड करणाऱ्या बायका विड्या कमी वळतात, हे मला निपाणीला जाण्याआधीच ठाऊक होते. बेळगावच्या कॉलेजात आम्हांला अर्थशास्त्राच्या निबंधासाठी एखादे अनुमान घेऊन आकड्यांनी तपासायचे होते. प्राध्यापकांनी सरासरी शिकवली, सरासरी किती चुकू शकते ते सांगणारी 'प्रॉबेबल एरर' शिकवली, आणि दोन सरासऱ्यांतला फरक त्या एररच्या तिपटीहून मोठा निघाला तर तो योगायोग समजू नये, असे सांगितले. एवढ्या शिदोरीवर मी माणसे ओळखायला निघालो.

विडी कारखान्याच्या मालकाने एका अटीवर परवानगी दिली: निबंधाची नक्कल त्याला द्यायची. मी बारा बायका निवडल्या, सहा बोलक्या, सहा गप्प. कोण बोलकी, हे अर्थात मीच ठरवले; शास्त्राला कुठूनतरी सुरुवात करावीच लागते. आठवडाभर रोज संध्याकाळी प्रत्येकीच्या सुपातल्या विड्या मोजल्या.

बोलक्यांत एक पोक्त बाई होती. सगळ्या तिला आक्का म्हणत. मी दिसलो की ती ओरडे, "लिवा अण्णा, लिवा! जीभ हालली की हात थांबत्यात, आसंच हाय न्हवं तुमच्या बुकात?"

"ते अजून सिद्ध व्हायचंय," मी गंभीरपणे म्हणालो.

"मग सिद्ध हुईस्तवर बोलताव की!"

सगळा कारखाना हसला. मी ते हसणेही टिपून घेतले.

फरक निघाला, आणि तिपटीहून चांगला मोठा. पण मोजणीच्या शेवटच्या दिवशी मी संध्याकाळऐवजी दुपारीच पोचलो होतो. गप्पा मारत आक्का उठली आणि गप्प बायकांपैकी एका गर्भार बाईच्या सुपात मूठभर विड्या टाकून आली. मग दुसरी बोलकी उठली, मग तिसरी. मी पाहिले, हे आक्काने पाहिले.

"तिचे हात सुजल्यात, आमी रोजच देताव," ती हळू म्हणाली. "आकडा पडला की मालक कामावरनं उठवतोय तिला. लिवू नका अण्णा."

त्या रोजच्या मुठी ज्यांच्या त्यांच्या नावावर मांडल्या असत्या, तर माझा फरक उरलाच नसता. मी लिहिले नाही. त्याला मी दया म्हटले. दया इतकी सोयीची मला पुन्हा कधी सापडली नाही.

निबंधाला पहिला वर्ग मिळाला. मालकाने नक्कल मनापासून वाचली. असा वाचक मला नंतर लाभला नाही. त्याने बोलणे बंद केले आणि बायकांना लांबलांब, भिंतीकडे तोंड करून बसवले. मुठी थांबल्या.

महिन्याने आभार मानायला गेलो, तर गर्भार बाईची जागा रिकामी होती. आक्काने मान वळवून माझ्याकडे पाहिले. ती काही बोलली नाही; मनाई होती.

"आता पुन्हा मोजा की," मालक हौसेने म्हणाला. "किती वाढलंय बघूया."

वही आणली नाही, असे मी सांगितले. ती काखेतल्या पिशवीत होती.