दुबईचे बारा हजार

नोकरीत हाताखालून किती प्रकरणे गेली याचा हिशेब मी ठेवलेला नाही. खून, चोऱ्या, जंगलातली धरपकड हे सगळे आता एकमेकांत मिसळून गेले आहे. पण आरमोरी भागातले एक प्रकरण, ज्यात रक्ताचा थेंब नव्हता आणि संशयिताच्या हातात बेडीही पडायची नव्हती, ते मात्र जसेच्या तसे डोळ्यांपुढे उभे राहते. रोज सकाळी वर्तमानपत्रात परकीय चलनाचे दर वाचताना तर हमखास.

मी त्या वेळी तिथल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो, बदली होऊन नुकताच आलेलो. सकाळची हजेरी झाली की टेबलावर पासपोर्ट पडताळणीचे कागद यायचे. त्या दिवशी दोन होते. एक म्हातारा बांगडीवाला आणि त्याची बायको, दोघांना हजला जायचे होते. मी कागद बाजूला ठेवतो न ठेवतो तोच आमचा एक बातमीदार आत आला. माणूस पानठेलेवाला, बसल्या जागी अर्ध्या तालुक्याची खबर ठेवणारा.

"साहेब, बांगडीवाला हवाला करून राह्यला," तो खुर्ची ओढत म्हणाला. "महिन्याच्या पहिल्या बाजारात एका बाईले पाकीट देते. दुबईचे पैसे आले मनते. मी सोता आयकलो."

हवाला म्हणजे काय हे सर्वसामान्य वाचकाला सांगायला हवे. परदेशात कमावणारा माणूस तिथल्या एका हस्तकाला तिथले चलन देतो. त्या हस्तकाचा इथला जोडीदार घरच्यांना रुपये पोहोचवतो. बँक नाही, पावती नाही, सरकारदरबारी नोंद नाही. असा संशय आला की ठाणेदाराला वर कळवावे लागते, आणि एकदा वर कळवले की त्या माणसाच्या चपला झिजतात. पासपोर्ट तर विसरायचाच.

मी बांगडीवाल्याला बोलावून घेतले. सगळे त्याला चाचा म्हणत. पांढरी दाढी, मोटारसायकलवर मागे बांगड्यांची पेटी, आठवड्याचे सगळे बाजार पालथे घालणारा माणूस. बसला तो नीट, पाठ ताठ करून.

"पाकिटात किती असतात?"

"बारा हजार, साहब. हर महिन्याला बारा हजार." उत्तर ताबडतोब.

"कोणाचे?"

"त्या बाईच्या पोट्ट्याचे. वेल्डिंगचं काम करते तो."

"कुठून येतात? कोणाच्या हाती?"

तिथे त्याचे तोंड बंद झाले. मी दरडावले, समजावले, चहा पाजला, पुन्हा दरडावले. शेवटी पासपोर्टचे कागद त्याच्यापुढे सरकवले आणि म्हटले, "यावर माझा शेरा लागतो, चाचा."

त्याने ते कागद तसेच माझ्याकडे परत सरकवले. "साहब, पैसा हलाल आहे, एवढंच सांगतो. बाकी ज़बान दिली आहे. हज नसीब में असेल तर होईल, नाई तर नाई."

चौकशीत गप्प बसणारी माणसे मी खूप पाहिली. स्वतःला वाचवण्यासाठी गप्प बसलेला माणूस पाणी मागतो, घरी कधी सोडणार विचारतो, ओळखीच्या पुढाऱ्याचे नाव घेतो. या माणसाने काहीच मागितले नाही. तो दुसऱ्या कोणाला तरी पाठीशी घालत होता. मी त्याला सोडला, पण अहवालाचा कोरा कागद टेबलावरच ठेवला. लवकरच काहीतरी लिहावे लागणारच होते.

परकीय चलनातले मला तेव्हा ओ की ठो कळत नव्हते. गडचिरोलीत कामासाठी गेलो तेव्हा एका बँकेतल्या अधिकारी बाईंना गाठले. नागपूरकडच्या होत्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी भिंतीवरचा फलक दाखवला. प्रत्येक चलनापुढे दोन आकडे.

"हा खरेदीचा दर, हा विक्रीचा. दोन्ही बँकेच्या बाजूने वाचायचे," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडचा परदेशी पैसा बँक विकत घेते तो पहिला, आणि तुम्हाला विकते तो दुसरा. मधली तफावत आमची."

"म्हणजे धानाच्या व्यापाऱ्यासारखे?"

"अगदी तसे. फक्त आमचा भाव रोज बदलतो. आणि दुबईचा दिरहम डॉलरला बांधलेला आहे. डॉलर वधारला की तोही वधारतो. या वर्षी रुपया सारखा घसरतोय, म्हणून दिरहम सतराचा पार विसाच्या घरात आला. आपल्याला पेट्रोल महाग, पण ज्यांची मुले आखातात आहेत त्यांची चांदी. सातशे दिरहमचे वर्षाच्या सुरुवातीला बारा हजार मिळायचे, आता चौदा मिळतात."

मी चहाचा कप खाली ठेवला. "आणि घरी दर महिन्याला बारा हजारच येत असतील तर?"

"दर महिन्याला? या वर्षी?" बाईंच्या कपाळाला आठी पडली. "कोणी रुपयांत ठरवून पाठवतो, नाही असे नाही. पण एवढा भाव चढल्यावर एखाद्या महिन्यात तरी जास्त आले असते. तिकडचा कामगार उठल्याबरोबर चहा घेत नाही, आधी भाव बघतो साहेब."

परतीच्या वाटेवर जीपमध्ये मी तेच घोळवत होतो. भाव हलत होता आणि रक्कम हलत नव्हती. मग हा पैसा समुद्र ओलांडून आलाच नसेल तर? आणि तसे असेल, तर ज्याची आई गावभर "माहा पोट्टा दुबईले आहे" म्हणून सांगते तो पोरगा होता कुठे? खरे सांगतो, तो जिवंत आहे की नाही अशीही शंका मनात आली. मेलेल्याच्या नावाने घरी पैसे पोहोचवणारे लोक मी पाहिले होते.

पुढच्या महिन्याचा पहिला बाजार आला. मी साध्या कपड्यांत गेलो. चाचाने मला पाहिले आणि त्याच्या हातातली एक बांगडी फुटली. समोर ती बाई बसली होती, पाकिटासाठी हात पुढे करून. जंगलालगतच्या खेड्यातली, नवरा लवकर गेलेला, मोह-तेंदू वेचून आणि थोडे धान पिकवून एकुलता एक पोरगा वाढवलेली. तिच्या लग्नाच्या बांगड्याही याच चाचाने भरल्या होत्या. पोरगा आठवड्याला एकदा चाचाच्याच फोनवर फोन करायचा, कारण तिच्या गावात रेंज नव्हती. तेवढ्यात तो वाजलाच.

ती बोलली. जेवला का, ऊन किती आहे, पाठ दुखते का. तिचा चेहरा असा उजळला होता की मला मध्ये पडणे जड गेले. तरी पडलो. "बाई, माझा भाचा दुबईला जायचा म्हणतो. तुमच्या मुलाला एक विचारू का?"

"विचारा ना भाऊ. माहा पोट्टा सांगते सगळं."

फोन हातात घेतला. पोरगा जिवंत होता, तेवढे तरी कळले. पडद्यावरचा नंबर आपल्याकडचाच दिसत होता, पण इंटरनेटवरून येणारे फोन कोणताही नंबर दाखवतात, त्यावर मी विसंबत नाही. मी विचारले, "बाबा रे, आज दिरहमला काय भाव मिळतो?"

"सतरा, काका," तो झटक्यात म्हणाला. "एका दिरहमले सतरा रुपये."

ज्या भावाची खबर तिथल्या प्रत्येक मजुराला असते, तो या पोराच्या लेखी जानेवारीतच थांबला होता. पाठीमागून एका ट्रकचा हॉर्न ऐकू आला, लांबलचक, गाण्याच्या चालीवर वाजणारा. दुबईत ट्रक असतील, पण तसले हॉर्न नसावेत. मी "बरं" म्हणालो आणि फोन बाईच्या हाती दिला. ती पुन्हा जेवणाकडे वळली.

संध्याकाळी चाचा न बोलावता ठाण्यात आला.

"दुबई कुठे आहे, चाचा?"

"घुग्घुसले, साहब." आणि म्हातारा रडायला लागला.

नागपूरच्या एका एजंटने पोराला व्हिसा, तिकीट, कंपनी सगळे दाखवले होते. एका दिरहमचे सतरा हे गणितही त्यानेच शिकवलेले. आईने बैलजोडी विकून पैसे भरले. गावाने एसटी स्टँडवर हार घातले, बँड लावला. गावातून परदेशी जाणारा हा पहिलाच. नागपुरात पोहोचला तर एजंटच्या खोलीला कुलूप. गळ्यातला हार पिशवीत, परत फिरायचे तोंड नाही. शेजारच्याच जिल्ह्यात, कोळशाच्या खाणींच्या घुग्घुसला, ट्रकच्या गॅरेजात वेल्डिंगला लागला आणि एका ओळखीच्या ड्रायव्हरच्या हाती चाचाकडे पैसे धाडू लागला.

मला राहवले नाही. "चाचा, एखाद्या महिन्यात पाचशे जास्त, एखाद्यात पाचशे कमी दिले असते, तर मला पत्ता लागला नसता."

त्याने डोळे पुसले. "साहब, तिच्याशी झूठ बोललो, ते कबूल. पण तिच्या लेकराचा पैसा इकडचा तिकडं कसा करू? एवढी बेईमानी नाई जमत."

मी बेइमानांना त्यांच्या बेइमानीमुळे आयुष्यभर पकडत आलो. इमानामुळे पकडला गेलेला हा एकटाच.

घुग्घुसला मी स्वतः गेलो. सिमेंट-कोळशाची धूळ झाडांच्या पानापानांवर. पोरगा एका ट्रकच्या फळक्याला डाग देत होता. मी ओळख सांगितली तसा त्याने वेल्डिंगचा होल्डर खाली ठेवला.

"साहेब, मले आत टाका, पण मायले नोका सांगू. बँड लावून धाडलं मले गावानं. आता कोन्त्या तोंडानं जाऊ?"

"आत कशाला टाकू? तुझी फसवणूक झाली आहे, तूच फिर्यादी आहेस. तू फिर्याद दिलीस तर तो एजंट सापडेल. नाही दिलीस तर आणखी कोणाकोणाच्या आया बैल विकतील." हे मी जरा मोठ्यानेच म्हणालो. माझा स्वभावच तसा.

त्याने चिंधीला हात पुसले. मग वेल्डिंग मशीनचे बटण बंद केले. "चला. पन मायले मीच सांगीन."

आम्ही पोहोचलो तेव्हा ती खळ्यावर धान पाखडत होती. जीपमागे चाचाची मोटारसायकल होती. पोराने उभ्या उभ्या सगळे सांगितले, मान खाली घालून. एजंट, कुलूप, घुग्घुस, चाचाचे पाकीट. मला वाटले होते ती बैलांसाठी ऊर बडवेल, नाहीतर चाचाला शिव्या देईल. तिने सूप खाली ठेवले.

"एवढे महिने घुग्घुसलेच होता?"

"हो, माय."

"घुग्घुस त काय, सकाऊन एष्टीत बसला त संध्याकाळी इथी. मंग पोळ्याले जेवाले काऊन नाई आला रे?"

एवढेच. तिने दुबईचा उल्लेखही केला नाही. पोरगा तिच्या पायाशी खाली बसला, आणि चाचा उगीचच आपल्या पेटीची दोरी सोडून पुन्हा बांधू लागला. मी जीपकडे चालत गेलो, कारण वर्दीतल्या माणसाचे डोळे भरलेले लोकांनी पाहू नयेत अशी आमची समजूत.

फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला. वरोऱ्याकडचे आणखी काही तरुण पुढे आले आणि एजंट सापडला. पैसे सगळे परत मिळाले असे मी म्हणणार नाही. पोराने नंतर आरमोरीत स्वतःचे दुकान टाकले. चाचाच्या कागदावर मी शेरा लिहिला, "प्रतिकूल काही आढळले नाही," आणि इतक्या समाधानाने मी क्वचितच सही केली असेल. हजला निघण्यापूर्वी तो भेटायला आला. "साहब, फलकावर रियाल सस्ता लिहिला, देताना महंगा काऊन?" मी मोठ्या पंडिताच्या थाटात त्याला खरेदीचा आणि विक्रीचा दर समजावला.

या प्रकरणाने मला तपासातली एक गोष्ट शिकवली. जिथे सगळे हलायला हवे तिथे एखादी गोष्ट जागची हलत नसेल, तर तिथेच थांबून पाहावे. पुढे ती युक्ती अनेकदा कामी आली. दुसरी गोष्ट शिकायला मात्र मला निवृत्त व्हावे लागले.

माझी मुलगी आता ऑस्ट्रेलियात असते. रविवारी फोन येतो. डॉलर कितीला गेला, आता पाठवू की थांबू, या वर्षी तिकिटे किती महागली, हे सगळे ती सांगते आणि मीही जाणकारासारखा ऐकतो, कारण सकाळीच दर वाचलेला असतो. तिचे बोलून झाले की मी म्हणतो, "ते राहू दे. जेवायला कधी येतेस?" मग ती पुन्हा तिकिटांच्या भावावर येते.