भवानी झाल्याशिवाय

मणियारचाचांनी उभ्या आयुष्यात भवानी झाल्याशिवाय दुकान बंद केलं नाही. भवानी म्हणजे दिवसाची पहिली विक्री. ती झाली की चाचा मोकळे. मग तुम्ही त्यांना कुठंही न्या. ती होईपर्यंत मात्र ते गादीवरून हलायचे नाहीत. हे मी कौतुकानं सांगतेय असं कुणी समजू नये. या भवानीपायी माझ्या ऑफिसच्या कितीतरी रजा वाया गेल्या आणि चाचींचं जे नुकसान झालं ते तर भरून येण्यासारखं नव्हतंच.

नारायण पेठेत आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर त्यांचं बांगड्यांचं दुकान होतं आणि पहिल्या मजल्यावर घर. माझ्या हातात पहिली बांगडी त्यांनीच भरली, माझ्या लग्नातला चुडाही त्यांनीच; लग्नानंतरही मी त्याच इमारतीत राहिले. हात हातात घेतला की ते तुमच्याशी भलत्याच विषयावर बोलायला लागायचे. शाळेत काय चाललंय, तुमच्या मांजरीला पिल्लं झाली का. तुम्ही उत्तर देईपर्यंत बांगडी मनगटावर आलेली असायची. एखादीला दुखलंच तर म्हणायचे, "हात दुखत नाही बेटा, तू घट्ट धरलंयस स्वतःला." बांगडी फुटली असं त्यांच्यासमोर म्हणायची सोय नव्हती. वाढवली म्हणायचं. आमच्या पेठेतल्या निम्म्या मुलींना हा शब्द घरच्यांनी नाही, चाचांनी शिकवला.

चाची मूळच्या सोलापूरकडच्या. लग्न होऊन पुण्यात आल्या तेव्हा चाचांनी त्यांना पानशेतच्या पुढं एक धबधबा आहे असं सांगितलं होतं. लहानपणी ते वडिलांबरोबर तिथं गेले होते. "तुला नेतो," असं ते म्हणाले आणि तेवढ्यावरच ते राहिलं. मग मुलगा झाला, त्याची शाळा, त्याचं लग्न, तो वाघोलीला राहायला गेला. मी गाडी घेतली तेव्हा चाची मला हळूच म्हणाल्या, "तू नेशील का गं आम्हाला? मी वरून पडणारं पाणी फक्त नळाचं बघितलंय."

आषाढात जायला चाचा तयार नव्हते. "तिथं पाण्यापेक्षा माणसं जास्त पडतात," असं त्यांचं म्हणणं. त्यात तथ्य होतं. शनिवार-रविवारी त्या रस्त्यावर स्पीकर लावलेल्या गाड्यांची रांग लागते. श्रावण लागला की मंगळागौरी, मग गौरी-गणपती; तेव्हा दुकानात उभं राहायला जागा नसायची. उरला पितृपंधरवडा. धबधब्याला पाणी भरपूर, गर्दी ओसरलेली आणि बांगड्या भरायला तर कुणी फिरकतही नाही. "हाच आपला मोसम," चाचा म्हणाले. माझ्या सासूबाई म्हणाल्या, "पितृपक्षात सहली काढायला आपण काय इंग्रज आहोत का?" मी त्यांची समजूत घातली, मधल्या वारी रजा टाकली आणि सकाळी गाडी दुकानासमोर आणून उभी केली. चाची डबा मांडीवर घेऊन दुकानाच्या पायरीवर बसल्या होत्या. आत चाचा.

"निघायचं ना?"

"भवानी होऊ दे."

पितृपक्ष आहे म्हणून सवड आहे, आणि पितृपक्ष आहे म्हणून गिऱ्हाईक नाही. ही साधी गोष्ट त्या माणसाच्या डोक्यात कधीच शिरली नाही. मी म्हणाले, मला द्या एक डझन. "घरच्या माणसाची भवानी धरत नाहीत." मग दुकान उघडूच नका ना! "सकाळी दुकान बंद दिसलं तर लोक विचारतील, कोण गेलं?" बारा वाजून गेल्यावर एक बाई आल्या. चाचांनी त्यांना पाच प्रकार दाखवले, हाताचं माप घेतलं. बाई म्हणाल्या, "छान आहेत. घटस्थापनेला येते." आणि गेल्या. मला रडू यायचं बाकी होतं. चाची मात्र म्हणाल्या, "जाऊ दे गं. येईल कुणीतरी."

दुपारी कुणीतरी पिना घेतल्या आणि आम्ही निघालो. धायरी फाट्यावर तासभर अडकलो. पोचलो तर वनखात्याच्या माणसानं नुकतंच फाटक लावलेलं. शेजारच्या टपरीतली बाई म्हणाली, "आता कुठं चाललाय? पाचला बंद होतंय ते. सकाळच्याला यायचं हाय." तिच्याकडचा चहा पिऊन आम्ही परत फिरलो. नंतरच्या वर्षी हेच, आणि त्याच्या नंतरही. ती टपरीवाली आम्हाला ओळखायला लागली. धबधब्याची आणि आमची ओळख काही होईना.

एका वर्षी मी शक्कल लढवली. ऑफिसातल्या एका मैत्रिणीला पढवून गिऱ्हाईक म्हणून पाठवलं. ती बिचारी खराडीहून वाहतुकीशी झुंजत आली. चाचांनी तिचा हात हातात घेतला, मनगट बघितलं आणि सोडून दिला. "ताई, तुम्हाला बांगड्या नकोत. मी इथून उठायला हवाय तुम्हाला." मैत्रीण हसत सुटली. मी गाडीत बसून स्टिअरिंगवर डोकं आपटून घेतलं. असल्या वेळी त्यांच्या डोळ्यांत जी चमक यायची, ती बघून राग अर्धा व्हायचा. अर्धा राहायचा तो राहायचाच.

मग चाचींच्या डोळ्यांचं निघालं. काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, कडेचं दिसणं गेलंय, ते परत येणार नाही. उरलंय ते औषधांनी टिकवायचं. चाची जिन्यात भिंतीला हात लावून चढायला लागल्या. पितृपक्ष आला, मी गाडी आणली, आणि चाचा म्हणाले, "भवानी होऊ दे." त्या दिवशी माझा तोल सुटला. भर रस्त्यात ओरडले. "चाचा, त्यांचे डोळे चाललेत! कुणाची वाट बघताय तुम्ही?" समोरचा वाणी बाहेर येऊन बघायला लागला. चाचा पुसायला घेतलेली काच तशीच हातात धरून बसले. मग ती खाली ठेवून म्हणाले, "उद्या दुकान उघडत नाही."

आणि खरंच नाही उघडलं. सकाळी सातला आम्ही निघालो, रस्ता रिकामा, चाचा पुढच्या सीटवर नवीन सदरा घालून. फाटकाला साखळी. वरच्या डोहात आदल्या आठवड्यात कुणी पोरगा बुडाला होता, म्हणून महिनाभर बंदी. मी त्या माणसाला विनवलं, चाचींच्या डोळ्यांचं सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, ऑर्डर हाय. माझी नोकरी जाईल." बंदीचा बोर्ड आम्हाला दिसत होता, पाण्याचा आवाज येत होता, मध्ये फक्त एक वळण होतं. गाडीत बसल्यावर चाचा मला म्हणाले, "बघ. भवानी नव्हती झाली."

मी पुण्यापर्यंत त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही.

त्याच थंडीत चाचा गेले. सकाळी दुकान उघडायला निघाले आणि जिन्यातच बसले, ते उठलेच नाहीत. मुलानं दुकान मोबाइलवाल्याला भाड्यानं दिलं. चाचींची इद्दत, नवरा गेल्यावर घरात राहून पाळायचे चार महिने दहा दिवस, संपली, पावसाळा आला, गणपती झाले. मी धबधब्याचं नाव काढलं नाही. पितृपक्ष लागल्यावर चाचीच वर आल्या, दारात उभ्या राहून म्हणाल्या, "उद्या रजा मिळेल का तुला?"

फाटक उघडं होतं. हाताला धरून मी त्यांना पायवाटेनं नेलं. वळण संपलं आणि समोर तो. काळ्या कड्यावरून तीन धारा पडत होत्या, आसपास चिटपाखरू नव्हतं. मी चाचींकडे बघितलं. त्या मान वर करून कड्याचं टोक बघत होत्या. मग पाण्याबरोबर मान थोडी खाली आणली, थांबल्या. मग उजवीकडं वळवली.

"इकडं अजून एक धार आहे का गं?"

"हो. आणि डावीकडं एक."

त्यांनी सगळी मान डावीकडं फिरवली. नळीतून बघावं तसं त्या एकेक तुकडा बघत होत्या. मला ते बघवेना.

"एका नजरेत दिसला असता मला," चाची म्हणाल्या. आवाज बारीक होता. मग मोठा झाला. "पहिल्या वर्षी आले असते तर एका नजरेत दिसला असता! ऐकताय का हो? पायरीवर बसवून ठेवलंत मला. डबा घेऊन बसवून ठेवलंत! कोण येणार होतं तुमच्याकडं? सांगा ना, कोण येणार होतं?" त्या पाण्याकडं बघून भांडत होत्या. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून चाचांबद्दल एक वाकडा शब्द मी ऐकला नव्हता. मग त्या हमसून हमसून रडायला लागल्या.

मी जे वर्षानुवर्षं म्हणत आले तेच सगळं त्या म्हणत होत्या, आणि मला एकदाही 'हो' म्हणवेना. चाचा मला इतके हवे होते तिथं, की त्यांच्यावर रागवायलाही जीव होईना.

थोड्या वेळानं मी त्यांचा दंड धरला. "चाची, चला आता. तुषारांनी भिजताय तुम्ही."

त्यांनी पदरानं डोळे पुसले, पुन्हा पुन्हा पुसले, आणि माझा हात बाजूला केला.

"थांब," त्या म्हणाल्या. "खालचं बघायचं राहिलंय."