लिंकबाई आणि मराठीचे सर

शाळेत त्यांना लिंकबाई म्हणायचे, आणि तेही तोंडावर. शिकवायच्या विज्ञान. या शाळेत आल्या तेव्हा प्रयोगशाळा म्हणजे एक कुलूपबंद कपाट होतं आणि त्याची किल्ली कुणाकडे आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. विजेचं मंडल शिकवायचं, तर हाताशी ना तार, ना बल्ब. तेव्हा बाईंनी इंटरनेटवर शोधाशोध करून एक फुकटची साइट काढली. तिच्यात टॅबच्या पडद्यावरच तारा जोडायच्या, बॅटरी लावायची. जास्त बॅटऱ्या लावल्या की बल्ब फट्कन उडायचा. मुलांनी तासभर बल्ब उडवले, आणि हसता हसता मंडल त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं.

बाईंना राहवेना. त्यांनी ती लिंक शिक्षकांच्या ग्रुपवर टाकली. दुसऱ्या दिवशी भूगोलाचा नकाशा टाकला. मग इतिहासाचे व्हिडिओ, गणिताचे खेळ, इंग्रजीची गाणी. सापडलं की टाकलं. सकाळी चहाचं आधण ठेवलं की एक हात गॅसवर आणि दुसरा फोनवर. "आई, अगं उघडून तरी बघतात का ते?" लेक विचारायची. "बघतील गं," बाई म्हणायच्या.

बघत कुणीच नव्हतं. शिक्षकखोलीत मराठीचे सर तर उघड चेष्टा करायचे. धिप्पाड देह, चकचकीत टक्कल आणि आवाज असा, की वरच्या मजल्यावर कविता म्हणाले तर खाली पटांगणात कळावं कितवीचा वर्ग चाललाय. "बाई, तुमच्या लिंका उघडत बसलो, तर शिकवायचं कधी?" सगळे हसायचे. बाईही हसायच्या, पण डबा खाताना त्यांचं लक्ष नसायचं.

एके दिवशी ग्रुपवर खेळाच्या सरांचा निरोप झळकला: "कुणीतरी हिचा फोन काढून घ्या रे." कुणा एकाला पाठवायचा तो भलतीकडेच गेला होता. सरांनी घाईघाईने पुसला, तोवर बाईंनी वाचला होता. त्यांनी पाठवणंच बंद केलं. आठवडे गेले. बाईंच्या लिंका बंद झाल्यात, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. खेळाच्या सरांच्या निरोपापेक्षा बाईंना हेच जास्त लागलं.

लक्षात आलं ते फक्त गणिताच्या मॅडमच्या. वयाने लहान, नुकतीच लागलेली, बोलायला मात्र सडेतोड. वह्या तपासता तपासता ती म्हणाली, "बाई, राग मानू नका. तुम्ही पाठवायचात ते चांगलं असायचं. पण मला काय हवंय, हे तुम्ही कधी विचारलंत का?"

बाई खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसल्या. "बरं, सांग. काय हवंय?"

"अपूर्णांकांचा भागाकार. उलटा करून गुणायचं हे मुलांना पाठ आहे. का, ते विचारलं की माझ्याच तोंडाकडे बघतात."

या वेळी बाईंनी सापडलं की टाकलं, असं केलं नाही. एकेक व्हिडिओ स्वतः शेवटपर्यंत पाहिला. बरेचसे नुसते रंगीबेरंगी होते. एकात मात्र कागदाच्या पट्ट्या कापून अर्ध्यात पाव किती वेळा मावतो, ते सरळ दाखवलं होतं. तो पाठवताना बाईंनी खाली लिहिलं: "सुरुवातीची बडबड सोडून द्या. पट्ट्या आल्या की थांबवा आणि पुढचं मुलांना करायला लावा." मॅडमने तसंच केलं आणि मधल्या सुट्टीत येऊन बाईंचा हातच धरला. त्यानंतर बाई आधी विचारायला लागल्या, आणि नेमकं तेवढंच द्यायला लागल्या.

अशात मराठीच्या सरांचा आवाज गेला. घशाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बजावलं, सत्र संपेपर्यंत एक शब्दही बोलायचा नाही. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, त्यांचे तास इतरांना वाटून त्यांना वाचनालयात बसवायचं ठरवलं. पुस्तकांवरची धूळ पुसत बसलेला तो धिप्पाड माणूस बघवत नव्हता. एके दिवशी ते विज्ञानाच्या वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले आणि त्यांनी एक चिठ्ठी पुढे केली: "माझ्यासाठी काही आहे का?"

टोमणा बाईंच्या अगदी ओठांवर आला होता. त्यांनी तो गिळला. "बघते," म्हणाल्या.

त्यांनी कविता वाचनाच्या ध्वनिफिती शोधल्या आणि सरांना शेजारी बसवून ऐकवल्या. सर कागदावर एकेकीच्या नावावर काट मारत गेले. एकीखाली त्यांनी लिहिलं, "हा कविता वाचतोय की रेल्वेचं वेळापत्रक?" दुसरीखाली, "वाचणाऱ्या बाईसाहेबांना झोप आलेली दिसते." असं दोन-तीन दिवस चाललं, तेव्हा बाईंचा पारा चढला.

"सर, तुम्हाला तुमचाच आवाज हवाय. तो इंटरनेटवर नाही मिळत!"

बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली. सरांनी कागद पुढे ओढला आणि लिहिलं: "खरंय."

बाईंनी सूर बदलला. "आवाज राहू दे. वर्गात गेल्यावर तुम्ही आधी काय करता?"

"प्रश्न विचारतो," सरांनी लिहिलं.

"मग प्रश्नच विचारा की."

त्यासाठी लागणारी साइट बाईंना ठाऊक होती. सरांनी टाइप केलेला प्रश्न प्रोजेक्टरने भिंतीवर मोठ्या अक्षरांत उमटणार, मुलांनी टॅबवर लिहिलेली उत्तरं त्याखाली येणार, नाव कुणाचंच नाही. शाळेतले टॅब मोजकेच होते, म्हणून तीन-तीन मुलांत एक दिला. मोठ्या बाईंनी "एकदा करून बघा" म्हणून परवानगी दिली आणि लिंकबाई मागच्या बाकावर जाऊन बसल्या.

पहिला तास म्हणजे नुसता धिंगाणा. नाव दिसत नाही म्हटल्यावर मुलं सुटलीच. सरांचा प्रश्न कवितेतल्या आईबद्दल, आणि भिंतीवर उत्तर आलं: "सर टकले आहेत." वर्ग चिडीचूप झाला. बाईंना वाटलं, संपलं सगळं. सरांनी शांतपणे टाइप केलं: "वाक्य शुद्ध आहे. यातलं विशेषण ओळखा."

हसण्याचा असा स्फोट झाला, की शेजारच्या वर्गातून गणिताची मॅडम डोकावून गेली. आणि मग खरी उत्तरं यायला लागली. सर वाचत होते, टाइप करत होते, मध्येच मान हलवत होते. एक उत्तर आलं तेव्हा त्यांचा हात थांबला. कवितेतली आई दार का लावत नाही, याचं असं कारण त्यात होतं, जे इतक्या वर्षांत वर्गात कुणीच दिलं नव्हतं. "हे कुणाचं?" त्यांनी टाइप केलं. खिडकीजवळच्या मुलीने हात अर्धाच वर केला. हजेरीला "हजर" म्हणण्यापलीकडे ती वर्गात कधी बोलली नव्हती.

तास सुटल्यावर सरांनी बाईंना लिहून दाखवलं: "माझ्या आवाजात हिचा आवाज ऐकूच येत नव्हता." बाई नुसत्या "हं" म्हणाल्या. सरांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते न बघितल्यासारखं करून त्या टॅब गोळा करायला लागल्या.

पुढच्या सत्रात सरांचा आवाज परतला. थोडा घोगरा, थोडा बारीक. तरी आठवड्यातला एक तास ते मुक्याने घ्यायचे. ग्रुपवर आता ते स्वतः लिंका पाठवायचे, खाली सूचनेसह: "मुलं आधी चेष्टा करतील. करू द्या." इतिहासाच्या मॅडमने तसं करून पाहिलं. खेळाच्या सरांनीही आपणहून बाईंकडे येऊन, इकडेतिकडे बघत, नियम शिकवायला काही मिळेल का म्हणून विचारलं.

वर्षभराने प्रश्नोत्तरांची ती साइट बंद पडली. सकाळी सकाळी सरांचा फोन आला. "बाई, आता काय करायचं हो?"

"शनिवारी शाळा सुटल्यावर थांबा. शोधू."

दोघं थांबले. सरांनी चार साइट नापास केल्या. बाई दोनदा वैतागल्या. पाचवी बरी निघाली, फक्त तिच्यात जोडाक्षरं नीट उमटत नव्हती. "चालेल," सर म्हणाले. "तेवढी मी फळ्यावर लिहीन."