मोतीरामकाकांचा पाय

आमच्या शेजारचे मोतीरामकाका सत्तावीस वर्षं चिकलठाण्याच्या एका कारखान्यात हॅमरवर आहेत. दोन्ही हातांत सांडशी, सांडशीत लालबुंद लोखंड, वरून धाड्-खण्ण, धाड्-खण्ण. तिथं कानात बोंबललं तरी ऐकू येत नाही आणि हात तर गुंतलेले. म्हणून ती माणसं पायानं बोलतात. डावा पाय मागं झटकला, की थांब. उजवा आडवा ताणला, की दमलो, रिलीवर म्हणजे बदली माणूस पाठवा.

हॅमरनं कान गेलेले काका घरीही तसंच बोलतात. "आली बगा तंगडी," असं म्हणत कडूबाईकाकू चहा आणते. मी काकांची नक्कल केली की गल्ली हसते. काकाही हसतात, त्यांना आवाज येत नाही, फक्त माझा पाय दिसतो.

रिटायर व्हायला चार वर्षं उरली, तेव्हा काकांनी गेटवरची जागा मागितली. "लई नाय गं ओवी, नुसती खुर्ची पायजे."

सोमवारी साहेब विचारपूस करणार होते. खंडेनवमीच्या पूजेला कारखान्यात मी साहेबांना ऐकलं होतं, त्यामुळं नाकातला आवाज आणि ओठांची मुरड मला तोंडपाठ. आठवडाभर मी साहेब झाले. "मोतीराम, कितने साल हो गये?" काका माझे ओठ वाचत. "सत्तावीस, साब." दहा प्रश्न, दहा उत्तरं, सगळी ओळीनं पाठ.

सोमवारी साहेबांनी आधी विचारलं, "चाय लोगे?"

"सत्तावीस, साब."

साहेब हसले आणि खिडकीकडं तोंड करून पुढचं काहीतरी बोलले. ओठ गेले. काका गोंधळले, दोन्ही हातांनी टेबल घट्ट धरलं आणि उजवा पाय आपोआप आडवा गेला. साहेबांना वाटलं, लाथ मारतोय. त्यांनी खुर्ची मागं सरकवली.

"गेटवर हॉर्न वाजला तर यांना कळणार कसा?" असं म्हणून जागा दुसऱ्याला दिली.

संध्याकाळी काका ओट्यावर नुसतेच बसले होते. मी त्यांना मोबाईलवर बेडूक दाखवला. सह्याद्रीच्या पार दक्षिणेच्या जंगलातला. ओढा एवढा खळाळतो, की त्याचं डराव-डराव वाहून जातं. मग तो दगडावर बसून मागचा पाय लांब ताणतो आणि बोटांमधला पांढरा पडदा झेंड्यासारखा पसरतो.

काका वाकून बघत राहिले. "ह्यो आपल्या हॅमर शॉपमधला दिसतो."

मी ओठ मोठे करून सांगितलं, "दुसऱ्या नराला सांगतोय, ही माझी जागा."

"नाय गं. रिलीवर मागतोय त्यो." त्यांनी ते तीनदा बघितलं. "कुनी येतं का?"

"येतो. दुसरा नर. ह्याला ढकलायला."

काकांनी मोबाईल परत दिला. आत मिक्सर घरघरत होता. त्यांचा उजवा पाय हळूहळू आडवा गेला. मिक्सर तसाच चालू ठेवून काकू तेलाची वाटी घेऊन आली आणि पाय मांडीवर ओढून घेतला.

"उद्या पैली शिफ्ट?" तिनं नुसते ओठ हलवले.

"व्हय," काका म्हणाले.